ओटा जागेवर, घर वर

आमचं घर अस्तित्वात नाही, हे मला एका पुस्तकात वाचून कळलं. वाचलं तेव्हा मी त्याच घराच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते, आणि बाहेर आई ओट्यावर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होती.

पुस्तक पाठवलं होतं पूजानं. पूजा पोलादपूरची. शाळेत माझ्याकडे भूगोल शिकली, पुढे पुण्याला जाऊन चित्रकार झाली. ‘खासनिसांची घरं, भाग पहिला’ या पुस्तकातली सगळी चित्रं तिनं काढलेली. दिनकर खासनीस हे पुण्याचे वास्तुविशारद. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी पुण्यापासून कोकणातल्या खेडपर्यंत घरं बांधली. सरळ रेषांची, सपाट छपरांची. नक्षी नाही, कमान नाही, कठड्यावर सिमेंटचे मोर नाहीत. ती घरं एकेक करून पडायला लागली म्हणून एका प्रकाशकानं त्यांची सचित्र पुस्तकं काढायला घेतली. फोटो नाहीत, सगळं हातानं रंगवलेलं. घर उभं कापून आतलं दाखवायचं, आत माणसं, मांजर, दोरीवरचे कपडेसुद्धा. माझी विद्यार्थिनी आहे म्हणून सांगत नाही, पण चित्रं बघत राहावं अशी होती.

शेवटच्या पानावर नकाशा होता. उभ्या घरांना भरीव ठिपका आणि शेजारी मालकाचं नाव. पडलेल्या घरांना पोकळ ठिपका आणि नुसतं गावाचं नाव. सावित्रीच्या काठाला, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी आमच्या वाडीच्या जागी एक पोकळ ठिपका होता. ‘महाडजवळचं लहान घर. आता अस्तित्वात नाही.’

माझं डोकं फिरलं. जन्मभर मुलांना शिकवलं की नकाशा काढणाऱ्यानं आधी जाऊन बघायचं असतं. इथं कुणी बघितलं नाही, आणि एका फटक्यात माझ्या बाबांचं घर पुसून टाकलं. वर नावही नाही. डॉक्टरांची नावं होती, वकिलांची होती, एका साखर कारखानदाराचं तर दोनदा होतं. श्रीपत साळवी या प्राथमिक शिक्षकाचं नव्हतं.

मी पूजाला फोन लावला. “मी आत्ता कुठून बोलतेय माहिती आहे का?”

“कुठून, बाई?”

“पोकळ ठिपक्यातून.”

बिचारी पार गोंधळली. मग मी तिला नीट सांगितलं आणि बाबांच्या वेळचा एक जुना फोटो पाठवला. फोटोत नवंकोरं घर आहे, त्याच्यापुढे काळ्या दगडाचा लांबलचक ठेंगणा ओटा, आणि ओट्यावर बाबा, आजोबा आणि नवी सून म्हणून डोक्यावरून पदर घेतलेली माझी आई. दोन तासांत पूजाचा उलटा फोन. त्यांचे संपादक राजेश सर खूश झाले आहेत, तिसरा भाग छापायला जायचा आहे, त्यात घर घेऊ म्हणतात. पुढच्या आठवड्यात खेडचं घर बघायला जाणार आहेत, परत येताना आमच्याकडे उतरतील.

मी आईला सांगितलं, “बाबांचं नाव पुस्तकात येणार.”

ती वाल सोलता सोलता थांबली. “मोठ्या अक्षरात?”

“मोठ्या अक्षरात.”

“मग मना वाचता येल,” ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

आईला वाचायला बाबांनीच शिकवलं, लग्नानंतर, त्याच ओट्यावर. वाडीतल्या बायकांचा वर्ग भरायचा तिथं. तिला मनातल्या मनात वाचायला कधी जमलं नाही. बोट ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. औषधाची बाटलीसुद्धा ती सगळ्या घराला ऐकू जाईल अशी वाचते.

माझ्याकडून एक राहून गेलं. घर उचललंय, हे मी पूजाला सांगितलंच नाही. लपवलं नाही हो. आमच्या इकडे आता ती सांगण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. एकवीस सालच्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या खिडक्यांच्या वर गेलं होतं. अख्खी वाडी आमच्या गच्चीवर, कारण सपाट स्लॅबचं घर वाडीत एकच. पाणी उतरलं आणि आईनं जाहीर केलं की या जमिनीवर ती परत झोपणार नाही. माझा भाऊ बुद्धरत्न कल्याणहून आला आणि म्हणाला, पाडू या, दुमजली बांधू या. तो म्हणाला ते वेडेपणाचं नव्हतं. पण बाबांच्या घराला मी हातोडा लागू देणार नव्हते. मी पोलादपूरच्या महिपतला बोलावलं.

महिपत घरं उचलतो. पाया खणून भिंतीखाली लोखंडी चॅनल घालतो, त्यांच्याखाली जॅक लावतो. मग शिट्टी वाजली की सगळ्या माणसांनी आपापला जॅक एकदम फिरवायचा. घर केसभर वर. परत शिट्टी. आम्ही आत राहत होतो, जेवत होतो, आणि घर वर जात होतं. पुरुषभर उंच गेलं तेव्हा खाली विटांचे भक्कम खांब बांधून घेतले. मधली जागा मोकळी ठेवली, नदीला यायचं तर येऊ दे आणि जाऊ दे. आता वर जायला नवा जिना आहे आणि खाली माझी स्कूटर उभी असते.

तर ते दोघे आले. कशेडी घाटात ट्रक आडवा झाला होता म्हणून सकाळचे यायचे ते दुपारी पोचले. राजेश सर गाडीतून उतरले, अंगणात आले आणि तिथंच उभे राहिले. मान वर केली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे वर कसं गेलं?”

“जॅकनं,” मी म्हटलं.

पूजानं कपाळाला हात लावला. तिच्या काखेत मोठी चित्राची वही होती. फोटोवरून तिनं चित्र आधीच करून आणलं होतं. तिनं ते उघडून दाखवलं आणि मी ते जवळ ओढून घेतलं. बाबांचं घर, जमिनीला टेकलेलं, पहिल्या दिवसासारखं. भिंतींवर झाडाची सावली, गच्चीवर मोकळं आभाळ.

“हे आहे खासनिसांचं घर,” राजेश सर चित्रावर बोट ठेवून म्हणाले. मग वर बघून म्हणाले, “आणि हे... राग मानू नका, बाई. यात खासनीस कुठं राहिले? वर निळे पत्रे घातलेत, खाली खांब आलेत.”

“पत्रे बाबांनी घातले,” मी म्हटलं. “दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. खासनीस रागावले होते. पुढच्या श्रावणात आले आणि त्याच पत्र्यांखाली बसून भजी खाऊन गेले.”

ते हसले, पण त्यांचा मुद्दा सुटला नाही. माणूस वाईट नव्हता. त्या घरांवर त्यांचा जीव होता, ते दिसत होतं. “आपण असं करू,” ते म्हणाले. “पूजाचं हे चित्र घेऊ. अख्खं पान देतो, रंगीत. खाली लिहू, ‘मूळ आराखड्याप्रमाणे’. ठिपका मात्र पोकळ ठेवावा लागेल.”

“आणि बाबांचं नाव?”

“पोकळ ठिपक्याला नाव देत नाही आपण. नाव दिलं की लोक शोधत येतात. ते इथं येऊन हे बघतील, आणि म्हणतील पुस्तक खोटं आहे.”

“मग खरं चित्र काढा की.”

“बाई, खरं चित्र काढलं तर ते खासनिसांचं घर नाही.”

म्हणजे सुंदर पान घ्यायचं आणि बाबांना सोडून द्यायचं, किंवा काहीच घ्यायचं नाही. माझा पारा चढायला लागला. मी म्हणणार होते की ठेवा तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. तेवढ्यात ओट्यावरून आई म्हणाली, “उन्हात कशाला उभे? बसा की रे बाबा. गो पूजा, तू पण बस.”

राजेश सर बसले. पूजा बसली. मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी आईकडे वळून आदरानं विचारलं, “आजी, मालकांचं पूर्ण नाव काय होतं?”

आईनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. “ती सांगल.”

तिनं बाबांचं नाव कधीच घेतलं नाही. त्यांच्या माघारीही नाही. आमच्याकडे तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत. ‘मास्तर’ म्हणायची, नाहीतर ‘तुझा बाबा’. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा म्हणे तोंडात पदर धरून एवढं हळू बोलली की कुणालाच ऐकू गेलं नाही.

“श्रीपत सदू साळवी,” मी सांगितलं. सरांनी मान डोलावली, पण लिहून घेतलं नाही. ते मला लागलं.

“खासनिसांच्या घरांचा आत्मा कुठं आहे माहिती आहे का?” ते पूजाकडे बघून बोलत होते, पण ऐकवत मला होते. “त्यांच्या ओट्यात. आपल्याकडचे जुने ओटे उंच. मालक वर, आलेला खाली. खासनिसांचा ओटा सव्वा फूट, प्रत्येक घरात तेवढाच. रस्त्यानं जाणाऱ्यानं नुसतं वळायचं आणि बसायचं. पहिल्या भागात मी त्यावर चार पानं लिहिली आहेत. जपानी बैठकीचा प्रभाव असावा.” मग त्यांनी मान वर करून आमच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “ती बघ, काळ्या दगडाची खूण. ओटा तिथं होता. घर उचलताना तोडला. आणि आता या घरातल्या माणसाशी बोलायचं तर पुन्हा अंगणात उभं राहून मान वर करावी लागते.”

हे मात्र मला आरपार लागलं. कारण माझे आजोबा, सदू साळवी, जन्मभर तसेच उभे राहिले होते. वरच्या आळीत कामाला जायचे. कामाचं बोलणं व्हायचं ते अंगणात उभं राहून, मालक उंच ओट्यावर. बस म्हणून कुणी म्हणायचं नाही. बाबांनी पुढे महाडात एका डॉक्टरांच्या घराच्या कामावर, तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली असलेल्या खासनिसांना गाठलं आणि म्हणाले, मला दोन खोल्या बांधून द्या, बाकी काही मागणं नाही, फक्त माझ्या दारात कुणाला खाली उभं राहावं लागू नये. खासनीस दुसऱ्या दिवशी वाडीत आले. नवख्या, हातात कामं नसलेल्या काळातले खासनीस ते. हे त्यांचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं घर.

राजेश सर अजून वरच बघत होते. शाळेत असताना मी अशा वेळी मुलाला पूर्ण बोलू द्यायची. मग विचारायची.

“सर,” मी म्हटलं, “तुम्ही बसलाय कशावर?”

“अं?”

“आत्ता. कशावर बसलाय?”

त्यांनी खाली बघितलं. काळा दगड, पन्नासहून अधिक वर्षांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला. त्यांचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकलेले, गुडघे आरामात. एका बाजूला आई, एका बाजूला पूजा, मध्ये वालाच्या सालांची परात. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, उठले, गुडघ्यावर बसले आणि ओट्याची उंची मोजली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन परत मोजली.

“सव्वा फूट,” पूजा त्यांच्या खांद्यावरून बघून म्हणाली.

“उचलला नाही हा?” त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला.

“मी उचलणार होते,” मी म्हटलं. “महिपतनं चॅनल घालायला घेतले, आणि ही बाई ओट्यावर येऊन बसली ती उठेना.”

“उठू कशाला?” आई म्हणाली. “घर माझा हाय. त्याला न्या वर, मना पुराचा भ्याव वाटतो. वटा काय माझा हाय? सवला गुडघे शेकायला जाणारी म्हातारी माणसा हितं टेकतात. ती काय जिना चढून बसतील? वटा वर नेला तर तो वटा कसला?”

मग महिपतनं ओटा भिंतीपासून कापून सोडवला. घर वर गेलं, ओटा राहिला तिथंच. महिपत राहतो पोलादपूरला, पण घराणं आमच्या वरच्या आळीतलंच. ते काम चाललं तेवढे दिवस दुपारचा डबा याच ओट्यावर आईच्या शेजारी बसून खायचा, आणि आई त्याला आणखी भाकरी वाढायची.

राजेश सर परत बसले. या वेळी सावकाश, जरा जपून. “पण सव्वाच फूट का?” ते स्वतःशीच म्हणाले. “पहिल्याच घरापासून सव्वा फूट.”

“सासरे बुटके होते,” आई म्हणाली.

“काय?”

“त्या खासनीस सायबानं सासऱ्यांना दगडावर बसवला. ह्या दगडावर, त्या दगडावर. सासरे कवाच कुनाच्या पुढ्यात बसले नव्हते, उठून उठून उभे राहायचे. सायेब म्हणाला, आजोबा, हलू नका. गुडघ्याखाली पट्टी लावली. मी पाणी घेऊन आले तवा बघितला. म्हणाला, तुमचे पाय टेकले म्हंजे सगळ्यांचे टेकतील.”

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण नुकतीच राजेश सरांची ती चार पानं वाचलेली असल्यामुळे त्या दिवशी मला ते नव्यानं ऐकू आलं. पुण्यातले डॉक्टर, वकील, ते साखर कारखानदार, सगळे सकाळचा पेपर वाचत बसतात ते माझ्या आजोबांच्या गुडघ्याच्या मापावर. मला इतका आनंद झाला की मी जोरात हसले. पूजाही हसायला लागली.

“जपानी आजोबा,” ती म्हणाली.

सर लाजले, मग तेही हसले. त्यांचं मन मोठं, हे मी मान्य करते. तरी शेवटी एकदा वर बघून म्हणालेच, “पण ते खांब...”

“सर, पुरात हे घर वाडीच्या उपयोगी पडलं,” मी म्हटलं. “वर गेलं म्हणून पाडायचं वाचलं. वर गेलं म्हणून ही त्यात राहते. तुमच्या चित्रातलं घर फार सुंदर आहे, पण त्यात कुणी राहत नाही. नकाशात जे आहे ते दाखवायचं असतं. हिला विचारा, मी शिकवलंय.”

पूजानं ते तयार चित्र उलटं केलं, मांडीवर घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवायला लागली. आधी ओटा. मग त्याच्या मागे, वर, घर.

सर तिच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. “बाई,” ते म्हणाले, “वडिलांचं नाव परत एकदा सांगा.”

“पत्रेही काढ गो,” आई पूजाला म्हणाली. “निळे हायेत ते निळेच काढ.”

पुस्तक आलं ते भातं कापून झाल्यावर. पोस्टमन वर चढला नाही; ओट्यावरच टेकला, पाकीट दिलं, पाणी मागितलं. तो गेल्यावर मी आईशेजारी बसून पाकीट फोडलं. आधी मागचा नकाशा काढला. भरीव ठिपका, काळा कुळकुळीत. मग आमचं पान.

घर वर होतं. निळे पत्रे होते, विटांचे खांब होते, जिना होता, माझी स्कूटरही होती. घर मध्ये कापून आतलं दाखवलेलं. स्वयंपाकघरात मी चहा पीत बसलेली, जरा रागीट दिसते, ते जाऊ दे. आणि खाली, घरापासून सुटा, सगळ्या पानाच्या रुंदीभर काळा ठेंगणा ओटा. त्यावर आई, पुढ्यात वालाची परात. तिच्या पलीकडे सवला निघालेली दोन म्हातारी माणसं, पिशव्या बाजूला ठेवून. सगळ्यांचे पाय जमिनीला टेकलेले.

आईनं चष्मा लावला. चित्र भरपूर वेळ बघितलं. “परात मोठी काढलीय,” ती म्हणाली. मग तिची नजर खालच्या मोठ्या अक्षरांवर गेली आणि तिनं बोट ठेवलं.

मला एकदम लक्षात आलं, ती काय करणार आहे ते.

“श्री,” ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. “प.” तिथं थांबली. तिला पुढचं अक्षर येत नव्हतं असं नाही. तिनं रस्त्याकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. डोक्यावरून पदर घेतला. “त. श्रीपत. स, दू, सदू. साळवी यांचं घर, महाड. ओटा जागे-वर, घर वर.”

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बाबांचं नाव माझ्या आईच्या तोंडून ऐकलं. डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

“तुझ्या बाबानं शिकवला त्याचाच नाव वाचला गो मी,” ती म्हणाली. लाजली होती. गाल अगदी फोटोतल्या सुनेसारखे झाले होते.

“आये,” मी म्हटलं, “परत वाच.”

तिनं पदर नीट केला, बोट पहिल्या अक्षरावर नेलं आणि परत वाचलं. या वेळी मध्ये थांबली नाही.